भोकांची हजेरी : जुना गिअरबॉक्स ओळखायचा कसा आणि सुखरूप पाठवायचा कसा



आजच्या पाठाचा विषय आहे गाडीचा जुना गिअरबॉक्स. मुलांच्या अभ्यासात हा कुठून आला, असं तुम्ही म्हणाल. पण निरीक्षण, वर्गीकरण आणि नोंद या तीन गोष्टी आपण वर्षभर शिकवतो, आणि त्या न केल्याने काय होतं हे मला या लोखंडी धुडाने जितकं नीट शिकवलं तितकं कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. शिवाय आपल्यातल्या अनेक पालकांची रोजीरोटी गाडीवर आहे. त्यांना यातली माहिती थेट उपयोगी पडेल.

आधी काय घडलं ते सांगते. माझा मामेभाऊ महाडला राहतो. त्याच्याकडे ईको आहे आणि तो शाळेच्या मुलांची ने-आण करतो. एका जूनमध्ये, शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला असताना, त्याच्या गाडीचा गिअरबॉक्स गेला. नवा परवडणारा नव्हता. मग आम्ही कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या बाजारातून त्याच मॉडेलचा वापरलेला गिअरबॉक्स घेतला, खांदा कॉलनीत आमच्या घरी आणला आणि कळंबोलीहून महाडकडे जाणाऱ्या एका टेम्पोत चढवून दिला. निघण्याआधी जी भोकं दिसली त्यांत घरातल्या चिंध्या कोंबल्या, वरून गोणपाट गुंडाळलं आणि सुतळीने बांधलं. झालं काम, असं वाटलं.

महाडला उतरवला तेव्हा गोणपाट तेलाने चिंब झालं होतं. मागच्या टोकाचं भोक वाटेत खाली आलं, तिथली चिंधी निघाली आणि तेल वाहिलं. शेजारी कुणाच्या तरी वह्यांचे गठ्ठे होते, ते भिजले. त्यांचे पैसे दादाला भरावे लागले. तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. संध्याकाळी तिथल्या मिस्त्रींचा फोन आला, "ताई, चिंध्या किती घातल्या होत्या? मला दोनच सापडल्या." मी म्हणाले तीन, आमचे हे म्हणाले चार. खरं म्हणजे कुणीच मोजल्या नव्हत्या.

उरलेली चिंधी वाटेत पडली की आत गेली, हे सांगणार कोण? आत असती आणि गिअरच्या दातांत सापडली असती, तर मुलं बसलेली गाडी रस्त्यात अडकली असती. मिस्त्रींनी धोका पत्करला नाही. त्यांनी अख्खा गिअरबॉक्स खोलला. आत काहीही नव्हतं. पण त्या खोलण्यात आणि पुन्हा बांधण्यात तीन दिवस गेले, मजुरी वेगळी गेली, आणि ते तीन दिवस दादाच्या व्हॅनमधली मुलं मिळेल त्या रिक्षाने शाळेत गेली.

सहलीला निघताना आपण बसमध्ये मुलं मोजतो, उतरताना पुन्हा मोजतो. गिअरबॉक्सच्या भोकांची हजेरी मात्र मी घेतली नव्हती. ती कशी घ्यायची, तेच आज पाहू.

भोक आहे म्हणजे काम आहे

घरातला कुकर डोळ्यांसमोर आणा. शिट्टीचं भोक वाफ सोडायला, त्याच्या बाजूचा सेफ्टी व्हॉल्व्ह शिट्टी तुंबली तर जीव वाचवायला, आणि झाकणाची रबरी रिंग फट बुजवायला. एकही भोक उगाच नाही. गिअरबॉक्सचंही तसंच आहे. भोकांची नावं पाठ करण्याआधी "इथून काय जातं?" असा प्रश्न विचारला, की सगळी भोकं चार गटांत बसतात.

पहिला गट ताकदीचा. इंजिनाची फिरकी एका बाजूने आत येते आणि चाकांकडे दुसऱ्या बाजूने बाहेर जाते. दुसरा गट तेल आणि हवेचा. तेल भरायचं, तेल काढायचं आणि आतल्या हवेला श्वास घेऊ द्यायचा. तिसरा गट हुकूम आणि निरोपांचा. ड्रायव्हरने गिअर बदलला हा हुकूम आत जातो, गाडीचा वेग किती हा निरोप बाहेर येतो. चौथा गट नुसत्या बोल्टच्या भोकांचा. ही आत पोचतच नाहीत. त्यांना आपण आंधळी भोकं म्हणू.

गाडी पुढून ओढते की मागून ढकलते?

गिअरबॉक्स हातात आला की पहिला प्रश्न हाच, कारण त्यावर भोकांची जागा ठरते.

१९८३ साली आलेली मारुती ८००, नंतरच्या अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट या गाड्यांत इंजिन पुढच्या चाकांना फिरवतं. अशा गाड्यांत डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग, गिअरबॉक्सच्या पोटातच असतो. म्हणून त्याला डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी दोन मोठी गोल भोकं असतात. दोन चाकांचे ड्राइव्ह शाफ्ट तिथून बाहेर पडतात. आकार साधारण आखूड आणि फुगीर.

ओम्नी, ईको, बोलेरो यांत ताकद मागच्या चाकांना जाते. डिफरन्शियल मागच्या एक्सलवर वेगळं असतं. गिअरबॉक्स लांबट असतो, पुढे रुंद तोंड आणि मागे निमुळती शेपटी. शेपटीच्या टोकाला एकच मोठं भोक असतं. बऱ्याच गाड्यांत प्रॉपेलर शाफ्टचं पुढचं टोक त्यात सरकवून बसवलेलं असतं, आणि तो शाफ्ट ओढून काढला की तेलाला वाट मोकळी होते. आमच्या वह्यांवर तेल सांडलं ते याच भोकातून.

आता हजेरी घेऊ

गिअरबॉक्स शक्यतो गाडीत असतो त्याच बाजूने सरळ ठेवा, दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. वही-पेन घ्या. एका टोकापासून सुरुवात करून एक फेरी मारा आणि दिसेल त्या भोकाला नंबर द्या.

१. बेल हाऊसिंगचं तोंड. घंटेसारखं दिसणारं हे सगळ्यांत मोठं तोंड इंजिनाला जोडलं जातं. मधोमध खाचा असलेली दांडी दिसते, तो इनपुट शाफ्ट. क्लच प्लेट त्यावर बसते. ही जागा कोरडीच असली पाहिजे. इथे तेलाचा ओघळ दिसला तर इनपुट शाफ्टचं सील गेलंय असं समजा.

२. स्टार्टरची खिडकी. बेल हाऊसिंगच्या कडेला एक अर्धवट गोल कापलेली जागा असते. स्टार्टर मोटरचा लहान गिअर तिथून फ्लायव्हीलला जाऊन भिडतो. ही वाटही तेलाकडे जात नाही.

३. क्लचची खिडकी. क्लचची केबल ज्या दांड्याला ओढते तो दांडा इथून बाहेर येतो. बहुतेक वेळा रबरी बूट असतो. तो फाटलेला असला तर चिखल आत जातो.

४. ड्राइव्ह शाफ्टची भोकं, एक किंवा दोन. आत काळ्या रबराचं ऑइल सील दिसतं. पुढून ओढणाऱ्या गाडीत ही भोकं बरीच खाली असतात, म्हणून शाफ्ट काढताच तेल इथूनच जास्त गळतं.

५. तेल भरायचा बोल्ट. अंगाच्या बाजूला, साधारण मध्यावर. बऱ्याच गाड्यांत हाच लेव्हलचा बोल्टही असतो. गाडी सपाटीवर उभी करून या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल आलं की बस. काही नव्या गाड्यांत लेव्हलचं भोक नसतं, तिथे तेल मोजून भरतात.

६. ड्रेन बोल्ट. सगळ्यांत खाली. बऱ्याचदा त्याच्या टोकाला चुंबक असतं. हा बोल्ट म्हणजे गिअरबॉक्सचं प्रगतिपुस्तक आहे. चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज. तुकडे, चकत्या किंवा दाताचे कण असतील तर तो गिअरबॉक्स घेऊच नका.

७. ब्रीदर. सगळ्यांत वर, एखादी बारीक नळी किंवा छोटी हलणारी टोपी. हा इतका लहान असतो की हजेरीत हाच चुकतो. गाडी चालली की तेल तापतं, हवा प्रसरण पावते. ती बाहेर पडायला ही वाट आहे. वाट बुजली तर आतला दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर ढकललं जातं.

८. स्पीडोमीटरचं भोक. जुन्या गाड्यांत केबल, नव्यांत सेन्सर. गुळगुळीत गोल भोक आणि शेजारी एकाच बोल्टची जागा, ही त्याची खूण. काढून नेलेला असला तर हे भोक उघडं राहतं आणि थेट आत उतरतं.

९. रिव्हर्स लाइटचा स्विच. आटे असलेलं भोक, त्यात पाना लावायच्या आकाराचा स्विच आणि बहुधा दोन वायरी.

१०. गिअर बदलायची दांडी. इथून हुकूम आत जातो. कुठे एक दांडी मागे-पुढे सरकते आणि फिरते, कुठे वर दोन केबलींचे हात असतात. इथेही सील आणि रबरी बूट असतो.

प्रत्येक मॉडेलमध्ये हीच दहा असतील असं नाही. एखाद्यात न्यूट्रलचा स्विच वेगळा असतो, एखाद्यात एखादं भोक कमी असतं. म्हणूनच तुमच्या समोरच्या गिअरबॉक्सची यादी तुम्हीच करायची. दुसऱ्याची उतरवून घ्यायची नाही.

अनोळखी भोक दिसलं तर तीन प्रश्न

नाव आठवत नसलं तरी हरकत नाही. टॉर्च घ्या आणि विचारा.

पहिला प्रश्न, कोरडं की ओलं? कडेला आतून तेलाचा थर दिसला तर भोक पोटात जातं. ते बंद करणं आलंच. कोरडं असून टॉर्चच्या उजेडात तळ दिसला तर ते आंधळं भोक, माउंटिंगच्या बोल्टचं.

दुसरा प्रश्न, कड कशी आहे? रबराची ओठासारखी कड असेल तर तिथे काहीतरी फिरतं किंवा सरकतं, म्हणजे शाफ्ट. आटे असतील तर बोल्ट किंवा स्विच. कड गुळगुळीत आणि बाजूला एकच बोल्ट असेल तर बहुधा सेन्सर.

तिसरा प्रश्न, उंची किती? तळाला असेल तर तेल काढायचं, मध्यावर असेल तर भरायचं, माथ्यावर बारीक असेल तर हवेचं.

भोकात खराट्याची काडी किंवा खिळा घालून खोली मोजायचा मोह टाळा. काडी मोडून आत राहिली की आमच्या चिंधीची गोष्ट पुन्हा सुरू.

याच वेळी आतलं तेलही पाहून घ्या. ते दुधाळ, ताकासारखं दिसत असेल तर आत पाणी गेलंय. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला मुंबई-पनवेल परिसरात आणि २२ जुलै २०२१ ला महाड-चिपळुणात गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. गाडी बुडते तेव्हा पाणी ब्रीदरमधूनही शिरतं, कारण ती वाट कायम उघडी असते. पुरात सापडलेल्या गाडीचा गिअरबॉक्स बाहेरून चकाचक पुसून बाजारात आलेला असू शकतो. बाहेरचं पुसता येतं, तेलाचा रंग मात्र खरं सांगतो.

ऑटोमॅटिक असेल तर

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला आणखी काही भोकं असतात. तेल थंड करायला कूलरकडे जाणाऱ्या दोन नळ्यांची भोकं, बहुतेक वेळा जवळजवळ आणि एकसारखी. काहींना तेल मोजायच्या डिपस्टिकची नळी. शिवाय वायरींचं मोठं कनेक्टर. आत तेलाच्या बारीक वाटांचं जाळं असतं, त्यामुळे वाळूचा एक कणही तिथे महाग पडतो. दुसरी गोष्ट टॉर्क कन्व्हर्टरची. बेल हाऊसिंगमध्ये बसलेला हा जड गोल डबा इंजिनापासून सुटल्यावर नुसता सरकवलेला राहतो. समोरून पट्टी लावून तो अडवला नाही तर गचक्याने पुढे येतो आणि पंपाचं सील खराब करतो. अशा गिअरबॉक्सचं काम अनुभवी मिस्त्रींकडूनच करून घ्या.

बंद करायची पद्धत

आधी तेल काढा. लहान गाडीच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये साधारण दोन-अडीच लिटर तेल असतं. ड्रेन बोल्ट काढून रात्रभर निथळू द्या. तरी थोडं तेल कोपऱ्यांत राहतंच, म्हणून "तेल काढलंय, आता बूच कशाला?" असं म्हणायचं नाही.

काढलेलं तेल गटारात ओतू नका. आपल्या भागातलं पाणी शेवटी गाढी नदीला आणि पनवेलच्या खाडीला मिळतं. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे. कॅनमध्ये भरून अशा गॅरेजला द्या, जे ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे पाठवतं.

मग बूच. क्रम लक्षात ठेवा, आधी बूच, नंतर धुणं. उलटं केलं तर बाहेरचा चिखल पाण्याबरोबर आत जाईल.

मूळ बोल्ट आणि स्विच असतील तर तेच जागेवर बसवा. आधी हाताने दोन-तीन फेरे फिरवून मगच पाना लावा. बहुतेक गिअरबॉक्सचं अंग अॅल्युमिनियमचं असतं, बोल्ट तिरका गेला तर आटे लगेच मरतात.

उघड्या भोकांना प्लॅस्टिकची बुचं किंवा टोप्या लावा. एक नियम कायम पाळा. बुचाची बाहेरची कड भोकापेक्षा मोठी हवी, म्हणजे ते आत जाऊच शकणार नाही. रंग भडक असावा, लाल किंवा पिवळा. ड्राइव्ह शाफ्टच्या भोकात जुन्या शाफ्टचा कापलेला तुकडा मिळाला तर उत्तम. काही मॉडेलांत दोन्ही शाफ्ट एकदम काढले की आतले गिअर जागेवरून सरकतात, त्यांनाही त्या तुकड्याचा आधार मिळतो. तुकड्याची कापलेली धार घासून घ्या, नाहीतर सील कापलं जाईल.

चिंधी, कागद, कापूस आत कोंबायचा नाही. तेलकट जागेवर चिकटपट्टी लावायची नाही, ती थोड्याच वेळात सुटते. आधी जागा पुसून कोरडी करा, मग बूच, आणि बुचावरून चिकटपट्टी.

इनपुट शाफ्टला कापड गुंडाळून वर पीव्हीसी पाइपचा तुकडा चढवा. बेल हाऊसिंगच्या तोंडाला जाड पुठ्ठा किंवा प्लायची चकती त्याच्याच बोल्टच्या भोकांतून बांधा.

ब्रीदर सगळ्यांत शेवटी. टोपीवाला असेल तर वरून फक्त प्लॅस्टिकची पिशवी. उघडी नळी असेल तर प्लॅस्टिकचा तुकडा आणि रबरबँड. त्याला लाल फीत बांधा आणि फितीवर लिहा, "बसवल्यावर काढा". उघडं राहिलेलं भोक जितकं वाईट, तितकंच बंद राहिलेला ब्रीदर वाईट. गाडी सुरू होते, पहिले काही किलोमीटर छान जाते, आणि मग सीलमधून तेल यायला लागतं. कारण मात्र कुणाला सापडत नाही.

शेवटी यादीत प्रत्येक नंबरापुढे लिहा: मूळ बोल्ट, लाल बूच, शाफ्टचा तुकडा, पुठ्ठा. खाली एकूण संख्या. यादीचे दोन कागद करा. एक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गिअरबॉक्सला बांधा, दुसऱ्याचा फोटो समोरच्या माणसाला पाठवा. प्रत्येक बाजूचा एक फोटोही काढून ठेवा.

बांधणी आणि वाट

लहान गाडीचा मॅन्युअल गिअरबॉक्सही पंचवीस-चाळीस किलोंच्या घरात जातो. दोघांनी मिळून, गुडघ्यात वाकून उचला. शाफ्टला किंवा गिअरच्या दांडीला धरून उचलायचं नाही.

जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गिअरबॉक्स घाला. पिशवीच्या बाहेर जुनी कापडं किंवा वर्तमानपत्रं भरा, थोडं तेल आलंच तर ती शोषून घेतील. मग लाकडी फळीवर ठेवून, माउंटिंगच्या आंधळ्या भोकांतून बोल्ट किंवा पट्ट्या लावून घट्ट करा. फळ्यांची पेटी केली तर फारच छान. पेटी जमत नसेल तर गाडीचा जुना टायर आडवा टाकून त्यात गिअरबॉक्स बसवा आणि दोरीने टायरलाच बांधा. गचके टायर सोसतो आणि गिअरबॉक्स लोळत नाही. वजन इनपुट शाफ्टवर किंवा शेपटीच्या टोकावर येणार नाही एवढं पाहा.

चारही बाजूंना वरच्या दिशेचा बाण काढा आणि मोठ्या अक्षरांत "ही बाजू वर" लिहा. एकाच बाजूला लिहिलं तर ती बाजू नेमकी भिंतीकडे जाते. माथाडी कामगाराला चढवताना तोंडीही सांगा. सांगितलं की माणसं सांभाळून ठेवतात, हा माझा अनुभव आहे.

पनवेल या बाबतीत सोयीचं गाव आहे. गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ इथून सुरू होतो, कळंबोलीतून पुण्याकडे द्रुतगती मार्ग जातो, त्यामुळे कोकण असो की घाट, टेम्पो-ट्रक मिळतोच. बिल्टीवर "जुना मोटार गिअरबॉक्स, तेल काढलेला" असं स्पष्ट लिहून घ्या आणि खरी किंमत टाका. नुकसान झालं तर कुणाची जबाबदारी, हे आधी विचारा. रेल्वेने मोटारसायकल पाठवताना पेट्रोलची टाकी रिकामी करून घेतात हे तुम्हाला माहीत असेल. तोच विचार इथेही आहे, आपल्या मालाने दुसऱ्याचा माल खराब होता कामा नये.

खरेदीचं बिल सोबत हवंच. जुन्या पार्टच्या धंद्यात चोरीचा मालही फिरतो, आणि बिल नसलं तर प्रामाणिक माणूसही अडचणीत येतो. माल राज्याबाहेर जात असेल आणि किंमत ५०,००० रुपयांहून जास्त असेल तर ई-वे बिलाचा नियम लागू होतो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख रुपये आहे.

पोचल्यावर

उतरवून घेणाऱ्याने आधी गोणपाट पाहायचं, ओलं आहे का. मग यादी हातात घेऊन एकेक नंबर तपासायचा. काढलेलं प्रत्येक बूच एका डब्यात टाकायचं. गिअरबॉक्स गाडीत चढल्यावर डब्यातली बुचं मोजायची. आकडा यादीशी जुळला तरच तेल भरायचं. बसवण्याआधी ऑइल सील नवी टाकून घ्यावीत. रबर जुनं झालं की कडक होतं, आणि एवढ्याशा सीलसाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवायला लागणं फार महागात पडतं. सगळ्यांत शेवटी ब्रीदरची लाल फीत हातात आली का, ते पाहायचं.

ऑपरेशनच्या खोलीत टाके घालण्याआधी नर्स कापसाचे बोळे मोजतात. गिअरबॉक्सचं मोजणं त्याच जातीचं आहे. हुशारी लागत नाही, शिस्त लागते.

आमच्या फजितीनंतर वर्षभराने शेजारच्या एका पालकांना सांगलीला गिअरबॉक्स पाठवायचा होता. त्यांच्या आठवीतल्या मुलीनेच वही घेऊन फेरी मारली. तिने ब्रीदर शोधला, जो तिच्या वडिलांना दिसला नव्हता. यादी नऊ नंबरांची झाली. दोन दिवसांनी तिकडच्या मिस्त्रींचा निरोप आला, "नऊ होती, नऊ मिळाली." बस, एवढंच. गोणपाट कोरडं होतं.

वर्गात आणि घरी करून पाहा

गिअरबॉक्स वर्गात आणायची गरज नाही. कुकर, मिक्सरचं भांडं, सायकलचा पंप, पाण्याची टाकी, बॉलपेन यांपैकी एक वस्तू गटाला द्या. मुलांनी एक फेरी मारून सगळी भोकं शोधायची, नंबर द्यायचे आणि प्रत्येकासमोर "इथून काय जातं?" याचं उत्तर लिहायचं. काही बॉलपेनांच्या अंगावर मधेच एक बारीक भोक असतं, ते काय काम करतं यावर वर्गात छान चर्चा होते. उत्तर लगेच सांगू नका. ब्रीदरची गोष्ट सांगा आणि थांबा.

मग दुसरा भाग. हीच वस्तू आपल्याला महाडला पाठवायची आहे असं समजून कोणतं भोक बंद करायचं, कशाने, आणि पोचल्यावर कोणतं उघडायचं याची यादी करायची. याद्या दोन गटांनी अदलाबदल करून तपासायच्या. ज्या गटाच्या यादीत एकूण संख्या लिहिलेली नसेल, त्यांना दादाच्या व्हॅनची गोष्ट पुन्हा ऐकवा.

पालकहो, तुमच्याकडे गॅरेज असेल किंवा ओळखीचे मिस्त्री असतील, तर एखाद्या रविवारी मुलांना तासभर तिथे घेऊन जा. हात काळे होऊ द्या, ते धुता येतात. परतताना मुलाला एकच विचारा, "किती होती?"